राखेवरचा ठिपका

एका कसब्याच्या गावी नरहर नावाचा एक तांबट राहत असे. त्याच्या हातच्या घागरीला पंचक्रोशीत मान होता, आणि तो उगाच नव्हता. घागर घडून झाली की नरहर जमिनीवर चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरी, घागर पाण्याने काठोकाठ भरी आणि त्या राखेवर ठेवी. एक दिवस, एक रात्र. राख कोरडी राहिली तर घागर विक्रीला जाई. राखेवर मोहरीएवढा जरी काळा ठिपका उमटला, तरी ती पुन्हा भट्टीकडे जाई. गिऱ्हाईक दारात खोळंबलेले असो की लग्नाचा मुहूर्त तोंडावर आलेला असो, हा नेम त्याने तीस वर्षांत मोडला नव्हता.

त्या तीस वर्षांत त्याला स्वतःचे घर मात्र झाले नव्हते. सात बिऱ्हाडे बदलून झाली होती. आठवे ओढ्याच्या अंगाला होते. त्याच्या भिंतींना बारा महिने ओल असे, आणि ती ओल त्याच्या बायकोच्या, चंद्रभागेच्या, छातीत जाऊन बसली होती. ती खोकू लागली की नरहरचा हातोडा थांबे. वैद्य म्हणाले, "औषध मी देईन, पण कोरडी खोली तुम्हालाच द्यावी लागेल."

मग नरहरने गावाच्या वरच्या अंगाला थोडी जागा घेतली. पण तोवर त्याने पंचावन्नी गाठली होती. दिवसभर तांबे ठोकून त्याचे खांदे भरून येत आणि संध्याकाळी कानांत ठोके घुमत राहत. अशा वेळी कोणी साधे काही विचारले, तरी त्याला ते ओझे वाटे.

शेजारच्या गावात काशिबा नावाचा एक जुना गवंडी होता. नरहरने त्याला बोलावून घेतले. त्याने जागा पाहिली आणि हातभर खड्डा खणला. त्यात दोन घागरी पाणी ओतून तो म्हणाला, "शेट, उद्या सकाळी या. माती काय सांगते ते बघू."

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या कडा फुगून आत आल्या होत्या. काशिबाने चिमूटभर माती बोटांत चोळली. "काळी आहे. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा लागेल."

"बरे, न्या."

"वहिनींचे अंथरूण कोणत्या भिंतीशी घालणार?"

"ते आताच कशाला?"

"त्या भिंतीला ऊन मिळायला हवे. आणि चूल कुठे? धूर कुठून काढायचा?"

"काशिबा, घर तुम्ही बांधणार की मी?"

"बांधणार मी, राहणार तुम्ही," काशिबा शांतपणे म्हणाला. "चुना महिनाभर भिजत ठेवावा लागेल. वर धाब्याचे सपाट छप्पर होईल. राहायला येण्याआधी त्या धाब्यावर सात दिवस पाणी तुंबवून बघायचे. सगळ्याला वर्ष लागेल. मधून मधून तुम्हाला बोलावीन. काम टाकून यावे लागेल."

नरहर घरी परतला तेव्हा त्याला दिवसभर ठोकण्याहून अधिक शीण आला होता.

आठ दिवसांनी त्याच्याकडे देवराव नावाचे एक मक्तेदार आले. घरांची कामे ते अंगावर घेत. त्यांनी जागेचे नावही काढले नाही. ते म्हणाले, "काका, तुम्ही फार दमलेले दिसता. बसा आधी."

नरहर बसला. इतक्या दिवसांत त्याचा थकवा ओळखणारा हा पहिलाच माणूस होता.

"चार महिन्यांत घर उभे करतो. तुम्ही फक्त वास्तुशांतीला या."

"आणि पाया?"

"तो माझ्यावर सोडा."

"चुना?"

"तोही."

"धाब्यावर म्हणे पाणी तुंबवून—"

"काका, पान घ्या."

नरहरने पान घेतले. "ठीक आहे. मला काही विचारत बसू नका, एवढेच करा."

"मुळीच विचारणार नाही," देवराव हसून म्हणाले.

संध्याकाळी चंद्रभागेने भाकरी थापता थापता विचारले, "काशिबाचे काय झाले?"

"फार प्रश्न विचारतो."

"आणि हे देवराव?"

"एकही नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "अहो, एखादे गिऱ्हाईक तुम्हाला म्हणाले, राखबिख राहू द्या, घागर लगेच द्या, तर तुम्ही काय करता?"

"ते वेगळे."

"वेगळे कसे?"

"मी दमलोय गं."

तिने भाकरी उलटली. दमलेल्या नवऱ्याशी वाद घालणे तिला कधी साधले नव्हते. तिला त्याच्या खांद्यांची दया येई.

घर चार महिन्यांत उभे राहिले. भिंती शुभ्र होत्या, दारावर वेलबुट्टी होती. वास्तुशांतीला आलेली माणसे तोंड भरून कौतुक करून गेली. देवरावांनी शब्द पाळला होता. त्यांनी नरहरला एकदाही काही विचारले नव्हते.

आषाढात वरच्या अंगाची काळी माती फुगू लागली. नैर्ऋत्येचा कोपरा चार बोटे खचला. भिंतीला तडा गेला, तो वर चढत धाब्याला जाऊन मिळाला, आणि नेमके चंद्रभागेच्या अंथरुणावर पाणी ठिबकू लागले. तिने अंथरूण सरकवले आणि तेथे एक घागर ठेवली. ती घागर नरहरच्याच हातची होती. थेंब तांब्यावर टप् टप् वाजत. नरहर भिंतीला टेकून तो आवाज ऐकत बसे. घागर भरे, तो ती ओतून येई, ती पुन्हा भरे. त्या घागरीच्या बुडातून मात्र एक थेंबही कधी बाहेर आला नाही.

तो देवरावांकडे गेला. ते घाबरले नाहीत, चिडलेही नाहीत.

"काका, पाया किती खोल न्यायचा, हे मी तुम्हाला विचारणार होतो. खोल नेला तर चार महिन्यांत घर होत नाही, हे सांगणारही होतो. पण तुम्हीच म्हणाला होतात, काही विचारू नका."

नरहर तसाच परत फिरला. वाटेत त्याने उत्तर पुष्कळ शोधले. घर येईपर्यंत त्याला एवढेच उमगले, की देवरावांचे वागणे खोटे असले तरी त्यांचे शेवटचे वाक्य खरे होते.

श्रावणात ती दोघे पुन्हा ओढ्याकाठच्या बिऱ्हाडी आली. चंद्रभागेने सामान लावले, भिंतीवरून हात फिरवला आणि ओला तळवा पदराला पुसला. ती रागाने बोलली असती, तर नरहरला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी तो काशिबाच्या गावी चालत गेला. काशिबा ओट्यावर बसला होता.

"या शेट. प्रश्न तेच आहेत. आठवतात का?"

"पूर्वेच्या भिंतीशी," नरहर म्हणाला. "अंथरूण पूर्वेच्या भिंतीशी घालायचे. सकाळचे ऊन तिला मानवते."

काशिबाने पुढे टोमणा मारला नाही. तो आला, घराभोवती एक फेरी मारून म्हणाला, "भिंती उतरवाव्या लागतील. दगड चांगले आहेत, ते पुन्हा लावू."

त्या वर्षी काशिबाने जेव्हा जेव्हा निरोप धाडला, तेव्हा तेव्हा नरहर भट्टी विझवून गेला. मुरूम लागला तेव्हा त्याने स्वतः खाली उतरून तो हाताने चाचपला. खांदे दुखतच होते. थकवा तसूभरही कमी झाला नव्हता. तो एवढेच शिकला होता, की थकव्यासह चालता येते.

वैशाखात धाबे पुरे झाले. कडेने मातीचा बांध घालून वर पाणी तुंबवले. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी नरहर म्हणाला, "काशिबा, थेंब नाही. ती तिकडे ओलीत पडून आहे. आता पुरे करू या का?"

"घर तुमचे आहे," काशिबा म्हणाला. "पुरे म्हणा, मी आत्ता बांध फोडतो."

नरहर आत गेला. ज्या जागी चंद्रभागेचे अंथरूण यायचे होते, तेथे उभा राहून तो वर पाहत राहिला. छत कोरडे दिसत होते. पण आपल्या थकलेल्या डोळ्यांना आता काय दिसेल याचा त्याला भरवसा वाटेना. तो ओढ्याकाठच्या बिऱ्हाडी गेला आणि भट्टीतली राख टोपलीत भरून घेऊन आला. ती त्याने चाळली, त्या जागी पातळ पसरली आणि उंबऱ्यावर बसला.

सहाव्या दिवशी दुपारी राखेवर मोहरीएवढा काळा ठिपका उमटला.

काशिबा वाकला, ठिपका पाहिला, मग छत पाहिले. "सांधा कच्चा राहिला आहे. उकरून पुन्हा भरतो. मग..." त्याने नरहरकडे पाहिले आणि तो थांबला.

"मग पुन्हा सात दिवस," नरहर म्हणाला.

या वेळी राख सातही दिवस पांढरीफटक राहिली.

मृगापूर्वी ती दोघे राहायला आली. नरहरने भट्टीही परसात आणली. पाऊस कोसळू लागला तेव्हा चंद्रभागा पूर्वेच्या भिंतीशी पडून छताकडे कान लावून होती. बऱ्याच वेळाने ती परसाकडे वळून म्हणाली, "अहो, कुठेच थेंबाचा आवाज नाही."

परसातून हातोड्याचे ठोके येत होते. भिंतींतली ओल संपली होती. पण दवडलेल्या वर्षाने तिच्या छातीत जी ओल मुरवली होती, ती तशीच राहिली होती. चंद्रभागा खोकली.

परसातला हातोडा थांबला.

तात्पर्य: जिवाच्या माणसासाठी जे काम करायचे, त्याचे प्रश्न थकव्यापायी दुसऱ्याच्या गळ्यात टाकू नयेत, टाळलेला प्रश्न पुढे आपल्याच घरी मुक्कामाला येतो, आणि त्याचे उत्तर आपल्या आधी आपल्या माणसाला सोसावे लागते.