पहिली गोळी कारागिराला

"मग डेग तिच्या हातात का दिलीत, वस्ताद?"

मारुतीने दारातूनच विचारलं. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

इनूस वस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. माळावरच्या त्या छोट्या कारखान्यात पेंटबॉल बनतात, म्हणजे हौशी मंडळी खेळातल्या बंदुकीने एकमेकांवर झाडतात त्या, अंगावर फुटणाऱ्या रंगाच्या गोळ्या. वस्तादांनी आधी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल केल्या होत्या. कृती तीच. जिलेटीन, ग्लिसरीन आणि पाणी डेगीत शिजवायचं, त्याच्या पातळ पट्ट्या ओढायच्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये यंत्राने रंग भरून गोळी मिटवायची आणि वाळवायची.

आता वस्ताद थकले होते. गोळीची बाहेरची साल शिजवायची डेग म्हणजे तिथलं सगळ्यात मानाचं काम. ते त्यांनी वैजंताला दिलं. मारुतीच्या मागून आलेल्या वैजंताला!

"सांगा की! आतला रंग मी कालवतो. पाण्यात विरघळणारं मेण किती, रंग किती, सगळं माझ्या हातात बसलंय. आणि ही काल आलेली..."



खरं सांगू का, डेगीचं दुःख होतंच, पण वैजंता नुसती हसत समोरून गेली तरी ह्या गड्याचं पित्त खवळायचं. वस्तादांनी तिला "जेवलीस का गं?" विचारलं की ह्याला घास उतरत नसे.

"तिच्या गोळ्या पेटीत फुटतात," मारुती म्हणाला. "एखादीच, पण फुटते. सुट्टीला येऊन मी माझी डेग लावली. जिलेटीन वाढवलं, पट्टी जाड ओढली. ह्या बघा."

त्याने मूठभर गोळ्या फरशीवर आपटल्या. गोट्यांसारख्या खणखणल्या.

"फुटली एक तरी?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "चल अंगणात."

त्या कारखान्यात एक रीत आहे. नवा माल निघाला की पहिली गोळी करणाऱ्याच्या दंडावर. वैजंताने आपली सकाळीच झेलली होती. वस्तादांनी बंदूक उचलली. मारुतीने तोंडावर मुखवटा चढवला आणि बाही वर सारली.

"आधी तिची मारा. होऊन जाऊ दे एकदाचं."

थप्प! दंडभर पिवळा रंग उडाला.

"बघा, लगेच फुटली!" मारुती आनंदाने ओरडला. "आता माझी. त्याच जागी!"

फट्! गोळी दंडावर आदळली, उसळली आणि जशीच्या तशी भिंतीकडे घरंगळत गेली. मारुती मटकन खाली बसला.

"आई गं..."

"शाबास," वस्ताद म्हणाले. "ही बी न्हाई फुटली."

वैजंता धावत पाण्याची बादली घेऊन आली. पुढे होऊन दंड धुवायला लागली, तर मारुतीने तिचा हात झटकला.

"तू नको! लांब हो."

ती बिचारी बाजूला झाली. त्याने स्वतःच पाणी ओतलं. आत तेल नसतंच, त्यामुळे पिवळा रंग साबणाशिवाय भराभर वाहून गेला. खाली मात्र रुपयाएवढा लालजांभळा गोल राहिला. मारुतीने तो चोळला. साबण लावला. नारळाची शेंडी घेऊन घासला. गोल आणखीच लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं, तरी गडी थांबेना.

"बघितलंत, वस्ताद?" तो दात आवळून म्हणाला. "आतला रंग माझा, त्यात खोट न्हाई. हिच्या सालीतच काहीतरी चुकलंय. डाग बसला! हिच्या गोळीचा डाग जाता जात न्हाई!"



वस्तादांनी वाकून त्याच्या हातातली शेंडी काढून घेतली.

"तिचा कधीच गेला, मारुती. तू चोळतोयस, तो तुझा."