पाच तारांची अँटेना

कर्र... कर्र... तांब्याच्या तारेवर कानस चालल्याचा तो आवाज ऐकून आता पुष्कळ वर्षं झाली.

"अण्णा, ही छत्रीची काडी चढवणार टाकीवर?" मंदार हसत म्हणाला.

केरूअण्णा पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले. हौशी रेडिओचं वेड. मी भांड्यांना कथलाचा डाग देणारा. अण्णांच्या तारांनाही डाग मीच द्यायचो. सव्वाएकोणीस इंचांची एक तार उभी, चार खाली तिरप्या. झाली अँटेना; कुठल्या एका दिशेला रोखायची भानगड नाही.

मंदार त्यांचाच शिष्य, पुढे इंजिनियर झालेला. त्यानं नऊ दांड्यांची लांबलचक अँटेना घरी बनवून आणली होती. फार देखणं काम. मी कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत होतो.

गावच्या पाण्याच्या टाकीवर खांब एकच. नदीला पूर आला की फोन बंद पडायचे, मग आसपासच्या वाड्या रेडिओवरून आमच्या गावालाच हाक मारायच्या. त्या खांबावर कोणाची अँटेना, ते त्या सकाळी अण्णांच्या गच्चीवर ठरायचं होतं.

"आज रेडिओवर सगळ्या वाड्यांची हजेरी तू घे," अण्णा म्हणाले.

मंदारनं आपली अँटेना शहराकडे रोखली. चाळीस मैलांवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

"ऐकलंत, अण्णा?"

"वा, पोरा!" अगदी मनापासून म्हणाले.

हजेरी झाली. मंदार रेडिओ बंद करायला गेला. अण्णांनी त्याचा हात धरला. शेवटी 'अजून कोणी?' असं विचारायचं आणि पन्नास आकडे होईपर्यंत गप्प बसायचं, ही त्यांची रीत.

"अजून कोणी?" मंदारनं विचारलं.

...

कोणी नाही.

अण्णांनी त्याची केबल काढली, आपल्या अँटेनाची लावली. शहरातला माणूस पार नाहीसा झाला.

"अजून कोणी?" आता अण्णांनी विचारलं.

...

"अण्णा..." अगदी बारीक आवाज. आमच्या मागच्या अंगाला, शहराच्या उलट दिशेला, नदीकाठच्या वाडीतली गोदाक्का. होडीवाल्याची बायको, अण्णांनीच तिला रेडिओच्या परीक्षेला बसवलेलं. "केव्हाची हाक मारतेय! म्हटलं, म्हातारा गेला का काय..."

अण्णा खुदकन हसले. तिची हजेरी लावली.

मंदारचा चेहरा उतरला.

"तिकडे वळवली असती, तर माझ्या अँटेनावर ती याहून खणखणीत आली असती."

"आली असती."

"मग? ती मागून बोलावतेय, हे मला कसं कळणार?"

अण्णा त्याच्याकडे मायेनं बघत राहिले...

"खरंय, बाळा. तिनं आधी कळवायला हवं होतं."

 मंदार पाच तारांची अँटेना उचलून टाकीच्या शिडीकडे चालू लागला.