राहेलमावशीने मागितलेली खूण

फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात राहेल नावाची एक सुईण राहायची. खालचं गाव आणि डोंगरावरच्या सात वाड्या, सगळ्यांना मिळून ती एकटीच. तीस वर्षं तिने बायकांची बाळंतपणं केली होती. लहानथोर सगळे तिला राहेलमावशी म्हणत.

मावशी आता दमली होती. झोपून उठल्यावरही जात नाही, तसला तो थकवा होता. चढण आली की गुडघे दुखत. पाण्याचा पेला उचलला की हात थरथरे आणि थोडं पाणी सांडे.

रोज सकाळी ती प्रार्थनेला बसे. "प्रभू, हे काम सोडू की करत राहू? तुझी इच्छा असेल तसं करीन. पण ती मला कळू दे. एखादी खूण दे."

मग ती खूण शोधत राही. एकदा पवित्र शास्त्र उघडून, डोळे मिटून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ते कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या नावावर पडलं. एकदा तिने ठरवलं, रविवारच्या आत पाऊस आला तर काम सोडायचं. शनिवारी चार थेंब पडले. त्याला पाऊस म्हणावं की नाही, याच विचारात तिची रविवारची उपासना गेली.

शेवटी तिने मनाची समजूत घातली की जे जास्त जड, तेच देवाचं असणार. थांबावंसं वाटणं हा आपला कमकुवतपणा. तेव्हापासून ती जास्तच धावू लागली.

तिच्या शेजारी सुवार्ता नावाची एक तरुण विधवा राहायची. मावशीचं सामानाचं बोचकं उचलून ती तिच्याबरोबर वाड्यांवर जाई. दोन वर्षं ती एकच मागणं मागत होती.

"मावशी, मला शिकवा ना. तुम्ही सांगाल तसं करीन."

"देवाने हे काम माझ्या पदरात घातलंय," मावशी म्हणे. "ते तुझ्या गळ्यात बांधून मी मोकळी होऊ?"

एके दिवशी दुपारी वरच्या वाडीवरून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, कळा सुरू झाल्या होत्या. उन्हातून चढून दोघी पोहोचल्या. मावशीने तपासलं, वेळ आहे म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. पोरीची सासू चुलीवर पाणी तापवायला गेली.

बसल्या बसल्या मावशीचा डोळा लागला.

"मावशी, उठा. डोकं बाहेर आलंय," सुवार्ता तिचा खांदा हलवत होती.

मावशी धडपडत पुढे झाली. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. असे वेढे तिने कितीदा सोडवले होते. पण आज बोट नाळेखाली जाईना. हात नुसता थरथरत राहिला. बाळाचा चेहरा निळा पडत चालला.

मावशीने हात मागे घेतला. "सुवार्ता, तू कर. बोट नाळेखाली घाल. ओढू नकोस. आता हळूच डोक्यावरून काढ."

सुवार्ताने काढली. बाळ बाहेर आलं, पण रडेना. मावशीने सांगितलं तशी ती त्याची पाठ चोळत राहिली. बराच वेळ गेला. मग ते बाळ एकदाचं रडलं. मुलगी होती.

सासू धावत आत आली. नातीला बघून तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "मावशी, देवानेच तुम्हाला धाडलं. तुम्ही आहात म्हणून आमच्या वाडीला आधार आहे. हे काम कधी सोडू नका."

इतके दिवस मावशीने मागितलेली खूण समोर उभी होती, तीही स्पष्ट शब्दांत. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. सुवार्ता तर काहीच बोलणार नव्हती. ती खाली बघून कपडे गोळा करत होती.

"मी झोपले होते," मावशी म्हणाली. "हिने उठवलं. वेढाही हिनेच सोडवला. माझे हात चालले नाहीत."

सासूने मावशीचे हात सोडले आणि नातीला घेऊन सुनेजवळ जाऊन बसली.

डोंगर उतरून मावशी थेट चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. घडलं ते सगळं सांगून म्हणाली, "मी इतकी प्रार्थना केली. देवाने मला एक खरी खूणही दिली नाही."

म्हाताऱ्या पाळकांनी विचारलं, "राहेलबाई, तुमचे हात कधीपासून थरथरतात?"

"तीन वर्षं झाली."

"आणि ती सुवार्ता शिकवा म्हणून कधीपासून मागे लागलीय?"

"दोन वर्षं," मावशी म्हणाली, आणि उठून सुवार्ताच्या घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशी सुवार्ताला शिकवू लागली. बोलावणं आलं की दोघी जात. मावशी उशाशी बसून सांगे आणि सुवार्ता करी. कुणी म्हणे, "आम्हाला मावशीच हवी." मावशी म्हणे, "मी आहे ना इथे. हात तेवढे हिचे."

वर्षभराने एका सकाळी लांबच्या वाडीवरून माणूस आला. मावशी सवयीने उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तू जा," ती सुवार्ताला म्हणाली. "तुला येतं आता."

सुवार्ता वळणाआड जाईपर्यंत मावशी दारात उभी होती. तिला हलकं वाटलं नाही. डोळे भरून आले. देवाने काही सांगितल्यासारखंही वाटलं नाही. तिने त्या बाळंतिणीसाठी आणि सुवार्तासाठी प्रार्थना केली आणि जरा आडवी झाली.

संध्याकाळी सुवार्ता परतली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, ते सांगायला ती आधी मावशीच्या घरात शिरली. मावशी गाढ झोपली होती. सुवार्ताने तिच्या अंगावर गोधडी घातली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

या कथेचं तात्पर्य: जे जड तेच देवाचं, असं नसतं. आपला थकवा आणि शेजाऱ्याचा पुढे आलेला हात यांतूनही देव आपली इच्छा सांगतो. ती ऐकायला स्वतःशी खरं बोलावं लागतं.