अर्धं तेल प्यालेली फळी

दिवाळी उद्यावर आली आणि महाराजांच्या झोपाळ्याची फळी वाकली! कडा वर, मध्ये खोलगट. महाराज ऐटीत बसायला गेले आणि घमेल्यात बसावं तसे रुतले. हुजऱ्यांनी ओढून काढलं तेव्हा कुठे सुटले. त्यात रात्री जावई दिवाळसणाला येणार!

"बोलवा ही फळी घडवणाऱ्या त्या रखमाजी सुताराला!"

रखमाजी आला. सोबत त्याची मुलगी येसू.

"दिवस मावळायच्या आत फळी सरळ कर!" महाराज गरजले. "पण रंधा लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही. आजोबांनी राखलेला साग आहे, कपचाभरही कमी होता कामा नये. जमलं नाही तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालू पड!"

रखमाजी डोक्याला हात लावून खाली बसला. हत्याराशिवाय सुतार करणार तरी काय? येसूने मात्र फळीच्या खालून हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, तुम्ही निवांत बसा. महाराज, बागेतल्या गवतावर जरा पाणी मारायला सांगा."

ओल्या गवतावर तिने फळी उपडी घातली, पाठ उन्हाकडे केली आणि स्वतः सावलीत सागरगोटे खेळू लागली.

महाराजांचा पारा चढला. "अगं, खेळतेस काय? काम कोण करणार?"

"मजूर लावलाय की, महाराज! तो बघा वर तापतोय. त्याला रंधा लागत नाही न् खिळाही लागत नाही!"

खालच्या ओल्या गवतानं फळीचं पोट सुकू दिलं नाही, वर ऊन लागून दमट पाठ वाळली, आक्रसली आणि फळी हळूहळू सरळ होत गेली. संध्याकाळी महाराजांनी तिच्यावर लिंबू ठेवून पाहिलं. जागचं हललं नाही! रखमाजीच्या जिवात जीव आला.

पण महाराज कसले ऐकतात! "सरळ झाली, पण मुळात वाकलीच का? तुझ्या बापाचं काम कच्चं. बिऱ्हाड उचलाच!"

"आबा दोन्ही अंगांना तेल पाजणार होते, महाराज. 'खालून कोण बघतंय? तेल वाचवा!' असं कोण म्हणालं होतं?"

महाराजांना एकदम खोकला आला. "म्हणालं असेल कुणीतरी! तेवढ्यानं वाकायचं?"

"खालचं अंग कोरडं राहिलं. पावसाळाभर ओल पिऊन फुगलं, मग वाकेल नाही तर काय? उद्या अभ्यंगाला तुमच्या पोटाला तेल चोळलं आणि पाठ तशीच ठेवली, तर?"

"तर? राजवाडा डोक्यावर घेईन मी!"

"तुम्हाला ओरडता तरी येतं, महाराज. फळी बिचारी काय करणार? वाकून दाखवलं तिनं!"

महाराज इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला उपरणं पुरेना. आजोबांचा उरलेला सगळा साग त्यांनी रखमाजीच्या दारात पोचता केला, येसूच्या गळ्यात सोन्याची माळ घातली. आणि त्या दिवाळीत राजवाड्यात पहिलं तेल लागलं ते फळीला, दोन्ही अंगांनी!