पहिला बार

“पण पहिला बार मी का नाही काढायचा, उस्ताद?”

जोतिराम वाळूच्या पेटीला टेकून उभा होता. तोंड फुगलेलं.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि जोतिराम सारं काम त्यांच्याच हाताखाली शिकला. इतरत्र रिवाज असा, की ज्याने बंदूक दुरुस्त केली त्यानेच गावाबाहेरच्या माळावर तिचा पहिला बार काढून पाहायचा. इथे मात्र काम जोतिरामचं आणि बार उस्तादांचा. पेठेतले लोक चिडवायचे, की गुरूचाच तुझ्या हातावर भरवसा नाही. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आज नाही म्हणाले तर दुकान सोडायचं, असं तो घरी सांगून आला होता.

म्हणून तर त्याने ही पेटी केली होती. जाड फळ्यांची, गच्च वाळू भरलेली. गोळी वाळूतच रुतावी, खड्यावर आपटून उलटी फिरू नये, म्हणून वाळू चाळून घेतलेली. पेटीमागे मातीचा उंच बांध.

उस्तादांनी पेटीभोवती फेरी मारली. मूठभर वाळू बोटांतून सोडून पाहिली. बांधावर चढून पलीकडे कुणाचं ढोर चरत नाही ना, तेही पाहिलं. माणूस खोड काढण्यात पटाईत, पण आज एकही सापडेना.

“झ्याक केलीस. माझ्यापरास चांगली.”

जोतिरामचा राग निम्मा उतरला. त्याने बंदूक उचलली.

“मग काढू?”

“गोळी पुढं गेली, तर पेटी अडवंल. आन् नळीच फुटून मागं आली तर?”

“जीव ओतून काम केलंय, उस्ताद.”

“मीबी तसंच करतो. तरी फुटत्यात.”

उस्ताद जवळ आले. नेम धरताना बंदुकीचा दस्ता जिथे टेकतो, त्या जोतिरामच्या गालावर त्यांनी आपला खरखरीत तळवा ठेवला.

“हितं काय ठिवलंयस अडवायला?”

“हितं... हितं तर मीच असणार.”

उस्तादांनी बंदुकीसाठी हात पुढे केला.

जोतिरामने ती घट्ट धरून ठेवली. त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण काय समजत होतो... आजचा दिवस तरी मला काढू द्या, असं तो म्हणाला, पण आता त्यात रुसवा नव्हता.

उस्तादांनी हळूच त्याची बोटं सोडवली.

“जा, त्या चिंचेमागं थांब. बार झाला, की किटलीतला चहा वत. दोघांचा.”