सुवर्णश्री मॉलचा थांबलेला जिना

हा जिना नादुरुस्त नाही. बाहेरून येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कुरणखेड्याच्या सुवर्णश्री मॉलमध्ये शिरलं की समोर हा सरकता जिना, आणि शनिवारी त्याच्या पायरीपायरीवर बांगड्या, गजरे, सुया-दोरे, मसाले मांडून बसलेल्या बाया. फोटो काढायला हरकत नाही, पण गंमत म्हणून काढू नका. मी इथला शिंपी. मॉल नव्हता तेव्हापासून माझं मशीन समोरच्या रस्त्याकडेला आहे. काही पाहिलेलं सांगतो, काही ऐकलेलं.

पूर्वी इथे मैदान होतं. दर शनिवारी बाजार भरायचा. मधोमध एक दगडी ओटा होता. कुठल्याशा दुष्काळात गावच्या बायांनी डोक्यावरून दगड वाहून तो बांधला, आणि तेव्हाच्या पाटलाने शब्द दिला की इथून तुम्हाला कोणी उठवणार नाही, असं सांगतात. तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आमच्या काळी ओट्यावरच्या बायांत वडीलधारी होती चंपाकाकू कोळपकर, बांगड्या भरणारी कासारीण. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे चुडे तिच्याच हातचे.

मग नगरपालिकेने मैदान प्रतापराव ढेकळे नावाच्या बिल्डरला दिलं. भूमिपूजनाला तो हातात नारळ घेऊन उभा राहिला, तेव्हा चंपाकाकू पुढे झाली. आमचं काय, असं तिने सगळ्या गावासमोर विचारलं.

"तळमजला तुमचाच," प्रतापराव म्हणाला. "ओटा आहे तिथेच बसाल. डोक्यावर छप्पर येईल, एवढाच फरक."

टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात ओटा फोडला.

उद्घाटनाला बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. दारात रखवालदाराने टोपल्या अडवल्या. आत टोपली चालत नाही म्हणे. तळमजला एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाला देऊन झाला होता. बायांसाठी जागा काढली होती मागे, गाड्या लावतात तिथे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. अहो, नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. नारळ हातात धरून शब्द द्यायचा, टाळ्या घ्यायच्या आणि मग माणसांना कचऱ्याशेजारी बसवायचं, ही कुठली रीत? 

चंपाकाकूने टोपली दाराबाहेर ठेवली आणि रिकाम्या हातांनी आत गेली. ओट्याची जागा तिने बरोबर ओळखली. तिथे हा जिना उभा होता. खालच्या पायरीवर ती बसली. फीत कापणारे पाहुणे यायचे होते. प्रतापराव म्हणाला, जिना चालू करा, आपोआप उठेल.

पुढचं ऐकीव आहे. बटण दाबलं, जिना वीतभर सरकला आणि थांबला. पुन्हा पुन्हा दाबलं, जिना हलला नाही. खाली गाडलेला ओट्याचा दगड जागा झाला, असं बाया सांगतात. बटणापाशी होता जिना चालवायला ठेवलेला फिरोज अत्तार. त्याच्या बहिणीच्या लग्नात काकूने बांगड्या भरल्या होत्या, म्हणून काही जण निराळंही सांगतात. फिरोजला विचारलं तर तो नुसता हसतो. त्याचं काय ते असो. म्हातारी पायरीवर बसलेली दिसत असताना बटण दाबायला सांगणारा माणूस कोण होता, ते मात्र विसरू नका.

पोलिसांनी तिला उचलून बाहेर आणलं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येऊन बसली. पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा आली. गिऱ्हाइकांदेखत म्हातारीला ओढताना पाहून लोक हातातली वस्तू ठेवून निघून जायचे, म्हणून शेवटी काढणंच थांबलं. मग बाकीच्या बाया टोपल्या घेऊन तिच्या वरच्या पायऱ्यांवर बसू लागल्या. गावातल्या घराघरांत ठरलं, बायांना त्यांची जागा मिळेपर्यंत मॉलमधून काही घ्यायचं नाही. कपड्यांचं दुकान उठलं. वरचं सिनेमागृह बंद पडलं. छताला कबुतरांनी घरटी केली.

तेव्हा प्रतापराव स्वतः आला. या पायरीपाशी उकिडवा बसला.

"काकू, दारातला गाळा तुमच्या नावावर करून देतो. उठा आता."

"ओट्यावर मी एकटी बसत नव्हते," काकू म्हणाली, आणि समोरच्या मुलीच्या हातात बांगड्या भरत राहिली.

त्याने मॉलला कुलूप ठोकलं आणि गाव सोडलं. काकू बाहेर उन्हात, बंद दारासमोर बसू लागली. एका वैशाखात तिथेच तिला भोवळ आली. ती परत उठली नाही.

तिच्या दहाव्याला निलोफर आली. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर तिचं ब्यूटी पार्लर होतं, तेही कुलपात अडकलेलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काकूंनी माझा धंदा बुडवला असं मी म्हणत होते. पण शब्द काकूंनी मोडला नव्हता."

तिनेच छोट्या दुकानदारांना एकत्र केलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, मॉल दुकानदारांच्या संस्थेकडे आला. दार उघडलं तेव्हा आधी बायांना बोलावलं, तळमजल्यावर हवी ती जागा घ्या म्हटलं. त्या आत आल्या आणि सरळ जिन्यावर जाऊन बसल्या. त्या दिवाळीपासून मॉल पुन्हा भरू लागला.

दारातल्या संगमरवरी पाटीवर प्रतापरावाचं नाव अजून आहे. चंपाकाकूचं कुठेच नाही. संस्थेकडे मी तीनदा बोललो. बघू म्हणतात.

पण आजही कुरणखेड्यातल्या नवरीचा चुडा याच खालच्या पायरीवर भरतात, आणि शनिवारी वर जायचं असेल तर मागच्या साध्या जिन्याने जावं लागतं, मग कोणीही असो. गेल्या लग्नसराईत प्रतापराव आला होता, नातीला घेऊन. बायांनी त्याला ओळखलं. नातीला पायरीवर बसवलं, मायेने हात धुतले, एकेक बांगडी चढवली. चुडा पुरा होईपर्यंत आजोबा तिच्यामागे उभे होते. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही.