खड्ड्यात जीप घालणारा गुरू

एकदा एक पंडित पाचव्यांदा मुलाखत देऊन घरी परतला. तो दारात चप्पल काढत होता तेवढ्यातच त्याच्या आईला कळले, की याही वेळी साहेबलोकांनी लेकराला चहा पाजून वाटेला लावले आहे.

दृष्टांतातल्या शिष्याला नाव नसावे असा प्रघात आहे. पण आईला हाक मारायला काहीतरी लागतेच. तिने सत्यजित ठेवले होते. सत्यजितच्या गाठीला दोन पदव्या होत्या, एक समाजकार्याची, एक ग्रामविकासाची, आणि ध्यास एकच: आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत नोकरी. म्हणजे अशी संस्था, जिचे मुख्य कार्यालय विमानाने जावे इतके लांब आणि काम मात्र बैलगाडीही नाही म्हणेल अशा वाडीवर. ध्यास खोटा नव्हता, बरे का. गोरगरिबांचे भले व्हावे असे त्याला अंतःकरणापासून वाटे. फक्त गोरगरीब त्याला अजून फारसे भेटले नव्हते, एवढीच काय ती अडचण.

त्याच्या मामाचे तालुक्याला नळ, पाइप आणि बेसिनचे दुकान होते. मामा म्हणाला, "दसऱ्यापर्यंत लोकांचं काय कल्याण करायचं ते करून घे. त्यानंतर आमच्याकडे उभा राहा. गिऱ्हाइकाला बेसिन दाखवणं ही पण समाजसेवाच आहे." सहाव्या संस्थेचे बोलावणे आले तेव्हा दसरा बारा दिवसांवर होता. ही शेवटची संधी. हुकली की सगळा जन्म तोट्या उघडून-मिटून दाखवण्यात जायचा.

तेव्हा आई म्हणाली, "हैबतीतात्यांकडे जा."

हैबतीतात्या हे त्या गावातले वृद्ध ज्ञानी. शिक्षण पाचवी, तेही गुरुजी कंटाळले म्हणून पाचवी. पण अशाच एका संस्थेची जीप त्यांनी एकतीस वर्षे चालवली होती. सात देशांचे साहेब त्यांच्या शेजारच्या सीटवर झोपून गेले होते. निवृत्तीनंतर तात्यांनी तशीच एक म्हातारी जीप विकत घेतली होती. ती त्यांच्याखेरीज कुणाचे ऐकत नसे, आणि त्यांचेही रोज ऐकत नसे.

"ये पंडिता," तात्या ओट्यावरून म्हणाले. "समज मीच तुझा साहेब. सांग, गावाला काय देणार?"

सत्यजित ताठ बसला. "लोकसहभागाच्या माध्यमातून शाश्वत उपजीविकेचं सक्षमीकरण."

तात्यांनी मान वळवून स्वयंपाकघरात हाक दिली. "अगं ऐकलंस का? हा पोरगा आपल्याला कायतरी देतोय म्हणतो."

आतून काकूंचा आवाज आला. "देऊ दे की. पण पिशवी लागेल का पातेलं, ते विचारा आधी."

सत्यजितचे कान लाल झाले. तात्या मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. इस्त्रीचा शर्ट घालून ये."

दुसऱ्या दिवशी गुरुशिष्य जीपमधून निघाले. पहिल्या गावात तात्यांनी गाडी थेट ग्रामपंचायतीपुढे लावली. सत्यजित पाहणीचा फॉर्म घेऊन उतरला. खुर्ची आली, टेबल आले, टेबलावर टॉवेल अंथरला गेला. लोक हात जोडून उभे राहिले. त्याने विचारले, "नवीन शौचालयं वापरता ना?" सारे एका सुरात म्हणाले, "वापरतो की साहेब." "काही अडचण?" "छे, लई सोय झाली." अर्ध्या तासात फॉर्म भरला. सत्यजित प्रसन्न झाला. उगीच लोक म्हणतात खेड्यात काम कठीण असते!

दुसरे गाव शिवारापलीकडे दिसू लागले. रस्ता कोरडा, सरळ, चांगला रुंद. डाव्या हाताला पाटाचे पाणी झिरपून चिखलाचा एक खड्डा तेवढा झाला होता. तात्यांनी तो दुरूनच हेरला, मिशीतल्या मिशीत हसले आणि लग्नघटिका साधावी तशी नेमकी त्यात जीप घातली.

"तात्या! अहो, एवढा रस्ता मोकळा होता!"

"होता खरा," तात्या म्हणाले. "उतर, आणि गावात जाऊन सांग की आमची गाडी रुतलीय, हात द्या."

सत्यजितला वाटले, म्हाताऱ्याची नजर गेली. बोलून उपयोग नव्हता. तो गेला. पाच-सहा माणसे आणि चार बाया खदाखदा हसत आल्या. एक म्हातारा तर जीपला प्रदक्षिणा घालून म्हणाला, "ड्रायव्हर नवा हाय का तुमचा?"

"नवाच हाय," तात्या म्हणाले. "शिकतोय अजून."

लोकांनी दगड टाकले, तुराट्या टाकल्या, जोर लावला. चाक फिरले आणि इस्त्रीच्या शर्टावर चिखलाची नक्षी उमटली. ती पाहून बायांना हसू आवरेना. एकीने पाणी आणले, दुसरीने हाताला धरून घरी नेले, "बसा, गुळाचा चा तर घ्या" म्हणाली. खुर्ची नव्हती, सत्यजित उंबऱ्यावरच टेकला. बसल्या बसल्या त्याला समोर नवे कोरे शौचालय दिसले. दार उघडे, आत पोती.

"त्यात काय ठेवलंय, मावशी?"

"कांद्याचं बी."

"आणि वापरत नाही?"

"कसं वापरावं, बाबा? कंत्राटदारानं कडी बाहेरून बसवली. आत बसलेल्यानं काय गाणं म्हणत बसायचं?" सगळा ओटा हसला. मग एकेक गोष्ट निघाली. कुठल्या वस्तीला टँकर जातच नाही, अंगणवाडीची बाई चांगली आहे पण तिची बदली कुणी केली, सगळे. फॉर्म जीपमध्येच राहिला होता. चहा संपला तरी गाव बोलत होते.

परतताना सत्यजितने शर्टावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाला, "तात्या, तुम्ही मुद्दाम घातलीत ना गाडी?"

तात्यांनी जीप कडुनिंबाखाली उभी केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा क्षणभर बाजूला सरला.

"असं बघ. पहिल्या गावात तू देणारा म्हणून गेलास. घेणाऱ्याचा हात खाली असतो. हात खाली असला की माणूस गोड बोलतो. दुसऱ्या गावात तू मागणारा होतास. त्यांचा हात वर होता. हात वर असला की माणूस खरं बोलतो. दोन्ही गावं सारखीच, माणसंही सारखीच. माझ्या साहेबांना एकतीस वर्षं वाटलं, हैबतीला गाडी येत नाही. पण माझ्या जीपमधून फिरून जे अहवाल लिहिले गेले, त्यातल्या विहिरींना पाणी लागलं."

सत्यजितने विचार केला. पुस्तकी असला तरी पोरगा सरळ होता. "पण ही लबाडी झाली, तात्या."

"झालीच!" तात्या आनंदाने ओरडले, जणू इतक्या वर्षांत हे तोंडावर म्हणणारा पहिलाच भेटला. "पहिल्यांदा खरीच रुतली होती. मग मला चटक लागली. तू नको ही विद्या घेऊस. खोटी अडचण फार दिवस टिकत नाही, गाव हुशार असतं. तू तुझी खरी अडचण शोध. दोन पदव्या झाल्यात म्हणजे तुला कितीतरी गोष्टी येत नसतील!"

हा आशीर्वाद होता की टोमणा, ते सत्यजितला उमगले नाही. गुरूंचे आशीर्वाद बहुधा असेच असतात.

परीक्षेचा दिवस आला. शेवटच्या फेरीत चार उमेदवार होते. संस्थेच्या प्रमुख देवस्थळी मॅडम यांनी प्रत्येकाला एकेक वाडी नेमून दिली. काम एकच: दोन वर्षांपूर्वी संस्थेने घरोघर पत्र्याच्या निर्धूर चुली दिल्या होत्या, लोक त्या वापरतात का ते पाहून यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीपुढे सांगायचे.

सत्यजित सकाळी वाडीवर पोचला आणि, काय सांगावे, सवय वाईट, पुन्हा फॉर्म काढला. सात घरांच्या दारात उभे राहून विचारले. सातही घरांतून उत्तर आले, "हो, वापरात हाय." कशी आहे? "लई बेस." आठव्या दारापाशी त्याचे पाय थांबले. सारे कसे एका सुरात चालले होते. असाच सूर त्याने टेबलावरच्या टॉवेलासमोर ऐकला होता.

ऊन चढले होते. पोटात कावळे कोकलत होते. आणि अचानक त्याला आपली खरी अडचण सापडली. ही नोकरी लागली तर याच डोंगरात खोली घेऊन एकट्याने राहायचे होते. इथे खानावळ नाही. आणि या दोन पदव्यांच्या पंडिताला साधी भाकरी येत नव्हती.

आठव्या घरातल्या हौसाबाई परातीत बाजरीचे पीठ घेऊन बसल्या होत्या. सत्यजितने फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

"मावशी, मला भाकरी थापायला शिकवाल का? भूक पण लागलीय, आणि येत पण नाही."

हौसाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "चेष्टा करताय?"

"नाही हो. खरंच येत नाही."

हौसाबाईंनी शेजारी हाक घातली. "अगं शेवंता, ये लवकर! सायेब भाकरी थापतोय!"

बघता बघता सहा बाया जमल्या. सत्यजित मांडी घालून बसला. त्याची पहिली भाकरी परातीलाच चिकटली. दुसरीचा आकार पाहून शेवंता म्हणाली, "हा कुठल्या मुलुखाचा नकाशा हो?" तिसरी कशीबशी गोल झाली. हौसाबाई म्हणाल्या, "बघ, येतंय की! आता तव्यावर टाक, वरनं पाणी फिरव."

सत्यजितने भाकरी अलगद तळहातावर घेतली आणि कोपऱ्यातल्या निर्धूर चुलीकडे वळला. चूल एकदम फडफडली. आतून एक लाल कोंबडी मान बाहेर काढून त्याच्याकडे अशी पाहू लागली, जणू परवानगी न घेता घरात शिरलेला तोच होता.

"अरे तिकडं नको!" बाया एकदम ओरडल्या. "अंड्यांवर खुडूक बसलीय ती! परसातल्या चुलीवर चल."

"पण वापरात आहे म्हणालात..."

"मग? वापरात न्हाई का?" हौसाबाई म्हणाल्या आणि सहाही जणी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

हसणे ओसरल्यावर हौसाबाई गंभीर झाल्या. "चूल वाईट न्हाई, भाऊ. धूर खरंच होत न्हाई. पण तिचं तोंड एवढंसं. तव्यावरनं काढली की भाकरी निखाऱ्यासमोर उभी करावी लागती, तवा कुठं टम्म फुगती. हितं कुठं उभी करू? न फुगलेली भाकरी घरात कोण खाणार?"

"मग आधी आलेल्या लोकांना हे का नाही सांगितलंत?"

"ती बिचारी उन्हातनं आलेली. म्हणायची, वापरता ना, वापरता ना. त्यांचं तोंड कशाला पाडायचं?" मग त्यांनी कोळशाने त्या चुलीच्या पुढच्या अंगाला एक रेघ ओढली. "हितवर कापलं असतं ना, तर निखारा पुढं वढता आला असता. पर आम्हाला इचारलं कुणी?"

सत्यजितने जेवून आठ घरे पुन्हा पाहिली. पाच घरांत कोंबड्या, दोन घरांत गोवऱ्या. एका घरात चुलीवर हळदकुंकू वाहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. पहिल्या तिघांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. नव्वद टक्के वापर, पंच्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव. सत्यजित उठला तो फडक्यात बांधलेली एक वाकडी भाकरी घेऊन. चहा देणाऱ्या शिपायाने त्याला हळूच सांगितले होते, की त्या चुलीची योजना खुद्द देवस्थळी मॅडमनी आणलेली. खिशातला फॉर्म अजून तिथेच होता; त्यावर सात वेळा 'हो' लिहिलेले होते. तो काढून वाचला असता तर कुणी खोटे म्हटले नसते.

त्याने भाकरी टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझ्या वाडीत शंभर टक्के चुली वापरात आहेत," तो म्हणाला. "पण गोवऱ्यांच्या आणि कोंबड्यांच्या."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. सत्यजितने सगळे सांगितले. भाकरी, निखारा, कोळशाची रेघ, आणि उन्हातून आलेल्यांचे तोंड पाडू नये म्हणून दिलेले 'हो'. देवस्थळी मॅडम भाकरीकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा घट्ट झाला होता.

"तुम्हाला घेतलं, तर या वाडीला काय द्याल?"

हा तोच प्रश्न. उत्तर पाठ होते, जिभेवर आले होते, पाच मुलाखतींत दिले होते. सत्यजितने ते गिळले.

"ते आज मला माहीत नाही, मॅडम. आधी त्यांच्याकडून अजून शिकून घेईन. भाकरी अजून फुगत नाही माझी."

मॅडमनी भाकरीचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या. भाकरीच तशी होती. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बावीस वर्षं मी चुलींचं काम करते आहे. मला स्वतःला भाकरी येत नाही. आजवर कुणाला हे सांगितलंही नाही." त्या उठल्या. "उद्या मला त्या हौसाबाईंकडे न्या. आणि सहा महिन्यांच्या उमेदवारीचं पत्र जाताना घेऊन जा. पुढचं पुढे बघू."

दुसऱ्या दिवशी वाडीत बाजरीच्या परातीपुढे दोन शिष्य बसले होते, एक तरुण आणि एक चष्मेवाली. हौसाबाई मॅडमच्या पाठीत हलकेच धपाटा घालून म्हणत होत्या, "अगं बाई, पीठ मळ आधी! पाठ कसली थोपटतीस पिठाची?" पत्र्याची कातर घेऊन गावचा लोहार दारात उभा होता, आणि कोळशाच्या रेघेवरून नेमके कुठवर कापायचे यावर सहा बाया एकदम बोलत होत्या. सत्यजित ऐकत होता. त्याची त्या दिवशीची पहिली भाकरी निखाऱ्यासमोर उभी होती, आणि तिच्या एका कडेला लहानसा फुगवटा धरू लागला होता.

कुणाचे भले करायला निघाला असाल तर आधी त्याच्या दारात पाणी मागून प्या. आणि तहान नसेल, तर लागेपर्यंत चालत राहा.